बेल्याहून बासरला, ॲव्हरेज शोधत

आदिलाबाद जिल्ह्यात हौसेनं फिरायला गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. नागपूरहून हैदराबादला जाणारे लोक तिथून जातात, पण खिडकीला डोकं टेकून झोपलेले असतात. मध्येच जाग येते, चहा पितात, तेलुगू पाट्या वाचता येत नाहीत म्हणून पुन्हा झोपतात. माझा जन्म तिथला, तरी मीही लग्नाकार्याला आणि मयतीला सोडून कधी गेलो नव्हतो. यंदा दिवाळीच्या आधी चार दिवसांसाठी गेलो. कारण सांगितलं तर हसाल. मोठ्या भावाच्या मोटारसायकलचं ॲव्हरेज उतरलं होतं, ते का उतरलं हे शोधायला गेलो.

यात माझा अधिकार काय ते आधी सांगतो. अकोला जिल्ह्यातल्या एका एसटी डेपोत मी तीस वर्षं कारकून होतो. कोणत्या ड्रायव्हरनं किती डिझेलमध्ये किती किलोमीटर गाडी चालवली ते बघायचं आणि कमी चालवली असेल त्याला बोलावून जाब विचारायचा, एवढंच माझ्या टेबलाचं काम. ड्रायव्हर नाना कारणं सांगत. रस्ता खराब, इंजिन म्हातारं, टायर गुळगुळीत. मी शांतपणे ऐकून घ्यायचो आणि शेवटी म्हणायचो, दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे. बहुतेक वेळा तसंच निघायचं. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, आणि निवृत्त झाल्यावर तो वापरायला जागा उरली नव्हती.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचे आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबले; दादा शिकला, मराठी शाळेत मास्तर झाला आणि त्याच्या पगारावर मी शिकलो. बेल्याजवळच्या एका खेड्यात तो आणि वहिनी राहतात. तिकडे मास्तरला 'सार' म्हणतात, निवृत्त झाला तरी सारच. गाडी मूळची माझी, शंभर सीसीची, काळी. स्कूटर घेतली तेव्हा ती मी त्याला दिली, त्याला वीस वर्षं झाली. दर रविवारी आमचा फोन व्हायचा. जेवलास का, पाऊस कसा आहे, एवढं झालं की दोघांनाही पुढचं सुचायचं नाही. मग मी विचारायचो, "गाडी किती देते?"

दोन वर्षांपूर्वी साठ द्यायची ती पंचावन्नवर आली. मग पन्नास, मग चव्वेचाळीस. मी फोनवरून उपाय सांगायचो. प्लग बदल, एअर फिल्टर साफ कर, चेनला तेल दे, हवा तपास. दादा सगळं इमानदारीनं करायचा आणि पुढच्या रविवारी आणखी खालचा आकडा सांगायचा. छत्तीसवर आली तेव्हा तो म्हणाला, "तूच येऊन पाहून घे बाप्पा एकदा. मले नाही समजून राह्यलं." दोन वर्षांत तो पहिल्यांदा 'ये' म्हणाला. मी त्याचा अर्थ गाडीपुरता घेतला.

बेला

पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगण लागतं, पण पहिल्या काही मैलांत फरक फक्त पाट्यांत असतो. तोच कापूस, तीच तूर, बांधावर तीच माणसं. फरक ताटात कळतो. वहिनींनी ज्वारीची भाकरी केली होती आणि तिच्यासोबत अंबाडी घातलेलं आंबट वरण, ज्याला तिकडे पप्पू म्हणतात. आम्ही अकोल्याकडे अंबाडीची भाजी कण्या घालून खातो आणि तीच खरी असं समजतो. दोन भाकरी जास्त खाऊन मी ते मत बदललं.

जेवताना वहिनी दादाच्या तक्रारी सांगायला बसल्या. त्यांचा आवाज तक्रारीचा असतो, पण मजकूर कौतुकाचा. "सकाळी सातले निघते हा माणूस. तीन गावं फिरते. दहावीत नापास झालेल्या पोरी गोळा करते, गणित शिकवते. कापूस वेचाले गेल्या असल्या तं वावरात जाऊन शिकवते. आन् येते तेव्हा एका पायात चप्पल. दुसरी कुठं पडली, पत्ता नाही! यंदा चौथी जोडी आहे, भाऊजी."

"म्हातारपण आलं दादा," मी म्हणालो.

"आलं बाप्पा," दादा म्हणाला. सगळे हसलो. त्यानं आता मागून पट्टा असलेली सँडल घेतली होती आणि तिलाही वरून सुतळी बांधली होती. सुतळी बघून मी आणखी हसलो. त्याला साखरेचा आजार आहे हे मला दहा वर्षांपासून माहीत होतं. पण मी तपासायला आलो होतो ती मोटारसायकल.

दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरून मी एकटा आदिलाबादला जाऊन आलो. पंपावरच्या बाईनं "जीरो चूडंडी सार" म्हणून मीटरचा शून्य दाखवला. तिकडे नियम म्हणून नाही, आदर म्हणून दाखवतात असं वाटतं. परत येऊन पुन्हा टाकी भरली, हिशेब केला. अठ्ठावन्न! वीस वर्षांहून जुन्या गाडीला अठ्ठावन्न म्हणजे तक्रारीला जागा नाही. मी अंगणात गाडी लावली तेव्हा माझा चेहरा डेपोतल्यासारखा झाला असणार.

"दादा, गाडी चांगली आहे. तू चालवतोस कसा ते पाहाचं आहे मले."

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मंग बासरले जाऊ," तो म्हणाला. "प्राची तिथं कॉलेजात शिकून राह्यली. तिले भेटून येऊ. मी चालवतो, तू मांगं बस आन् पाह्य."

प्राची म्हणजे त्याची नात. मुलगा हैदराबादला असतो. आईबापांनी तिकडे येऊन राहावं म्हणून त्याचा तगादा असतो, आणि दादा दर वेळी पोरींची परीक्षा होऊ दे म्हणतो. परीक्षा दर वर्षी असते.

इच्चोडा

आदिलाबाद सोडून हायवेला लागलो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मधूनमधून सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या गोंड बाया. एकीनं दोन फळं फोडून नुसती चाखायला दिली आणि आम्ही निघेपर्यंत घ्याच असं म्हटलं नाही. अकोल्याच्या बाजारात फळाला हात लावला तरी भाव सांगतात. मी टोपलीभर घेतली, आणि ती मांडीवर सांभाळत बसल्यामुळे पुढचा अर्धा तास माझं लक्ष तपासावर नव्हतं.

मग मागून आलेल्या एका टेम्पोवाल्यानं बाजूला येऊन ओरडून काहीतरी सांगितलं. दादा म्हणाला, "लाल लाइट जळून राह्यला म्हणते." मी वाकून मागे पाहिलं. ब्रेकचा दिवा लागलेला होता, भर उन्हात, सरळ रस्त्यावर. खाली पाहिलं तर दादाचा उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर. चढाला तिथेच, उताराला तिथेच.

मला इतका आनंद झाला की मी सीताफळासकट त्याच्या खांद्यावर थाप मारली. "सापडलं! दादा, सापडलं!"

इच्चोड्यात दादाचा नेहमीचा मेकॅनिक आहे, ख्वाजाभाई. पन्नाशीचा, बोलायला हळू. वर्षात दोन-तीनदा दादा गाडी एवढ्या लांब त्याच्याकडेच आणतो, हे मला तेव्हाच कळलं. दुकानाशेजारी मिरची भजी निघत होती, कच्च्या कांद्याबरोबर. मी एका हातात भजी घेऊन दुसऱ्या हातानं मागच्या चाकाच्या ड्रमवर पाणी शिंपडलं. चर्र आवाज आला.

"देखा?" मी म्हणालो. "सार का पाँव ब्रेक पे रहता है. पूरा पेट्रोल ब्रेक खा रहा है."

"हौ, रहता," ख्वाजाभाई म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "पहले सार का पाँव..." असं म्हणून त्यानं दादाकडे पाहिलं आणि थांबला.

मला त्याचं ऐकायचंच नव्हतं. माझ्याकडे उपाय तयार होता. पेडल उंच बसवलेलं होतं आणि ब्रेक फारच घट्ट होता. पाय नुसता टेकला तरी लागायचा. मी सांगितलं, पेडल दोन बोटं खाली घ्या, मागचा नट ढिला करा. म्हणजे पाय ठेवला तरी ब्रेक लागणार नाही.

"नक्को साब. ब्रेक देर से लगेंगा."

"तीस साल यही काम किया है मैंने," मी म्हणालो. भजी खात बसलेल्या चारपाच जणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, आणि वर मराठीत दादाला ऐकवलं, "बरं झालं तू एसटीत नव्हता. रोज माझ्या टेबलासमोर उभा राह्यला असता."

लोक हसले. दादाही हसला. पोरांसमोर कधी चूक निघाली की तो असाच हसायचा, मान थोडी खाली घालून. ख्वाजाभाईनं विचारलं, "सार?"

"कर दे ख्वाजा," दादा म्हणाला. "भाई बोलता है ना, कर दे."

पाच मिनिटांचं काम होतं. मी स्वतः पेडल दाबून पाहिलं आणि पसंत केलं. हिशेब नव्यानं करायचा म्हणून निघताना टाकी पुन्हा काठोकाठ भरली.

निर्मल

नेरडीगोंड्याच्या पुढे घाट लागतो. जंगल दाट होतं, हवा गार होते, आणि वळणांवर माकडं कठड्यावर ओळीनं बसलेली असतात. इथून जाताना कुंटाळ्याचा धबधबा बघावा असं सगळे सांगतात. मी दादाला विचारलंही, पण तो म्हणाला, "पायऱ्या लई आहेत." मी म्हटलं, आता तर तू फारच म्हातारा झाला. धबधबा राहिला.

घाटात मला रबर जळल्याचा वास आला. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, पुढच्या ट्रकचा असेल, घाटात ब्रेक मारतात. मला ते पटलं. मी मागे वळून बघत होतो ते फक्त ब्रेकच्या दिव्याकडे. तो विझलेला होता. एकदा एक म्हैस आडवी आली तेव्हा गाडी थांबायला वेळ लागला. दादाचा पाय पेडल चाचपडत होता, शेवटी पुढच्या ब्रेकवर गाडी थांबली. "होईल सवय," मी म्हणालो. हे माझे शब्द मला स्वच्छ आठवतात.

निर्मलला टाकी भरली. बावन्न. पंपावरच मी दादाला मिठी मारली. छत्तीसवरून बावन्न, तेही दोघं बसून, घाट चढून! त्यालाही खरंच आनंद झाला होता. तो म्हणाला, "तुले मानलं रे मनोहर." सत्तरीला टेकलेल्या मोठ्या भावानं असं म्हणावं याचं मला काय वाटलं ते सांगत नाही. इराणी हॉटेलात आम्ही चहा घेतला, तिकडचा, दाट आणि गोड. दादानं बिनसाखरेचा मागितला, तर मी त्याला माझ्यातला अर्धा कप प्यायला लावला. नंतर निर्मलची प्रसिद्ध लाकडी खेळणी बघितली. सीताफळ इतकं हुबेहूब केलेलं होतं की माझ्या टोपलीत ठेवलं असतं तर खपून गेलं असतं. ते प्राचीसाठी घेतलं. रात्री मुक्काम तिथंच केला, तेव्हा लॉजच्या जिन्यावर दादाच्या सँडलचा रबरी काठ वितळून वाकडा झालेला मला दिसला. मी म्हटलं, नवी घे आता.

बासर

भैंसा, मुधोळ करत सकाळीच बासरला पोचलो. मुधोळच्या बाजूला पुन्हा मराठी कानावर येऊ लागते, आणि परक्या मुलखात मध्येच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. बासरला सरस्वतीचं देऊळ आहे. लहान मुलांचं पहिलं अक्षर तिथं गिरवून घ्यायची रीत आहे. तीनचार वर्षांची नटवलेली पोरं, हातात पाटी, काही रडणारी, काही पेन्सिल खाणारी. आम्ही बौद्ध, देवळात जायचं कारण नव्हतं, पण दादा बाहेर उभा राहून त्या पोरांकडे बराच वेळ बघत होता. "पह्यलं अक्षर सोपं असते," तो म्हणाला. "दुसऱ्यापासून मास्तर लागते."

प्राची घाटावर भेटली. गोदावरी तिथं रुंद आणि संथ आहे. आम्ही पायरीवर बसलो, सीताफळं खाल्ली, खरं आणि खोटं यांची अदलाबदल करून तिला फसवलं. ती म्हणाली, आबा, पाय टाका पाण्यात, बरं वाटेल. दादा नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. खाली बसून सुतळी सोडली, सँडल काढली आणि लॉजवर रात्रीही न काढलेला मोजा ओढला, तर तो निघेना.

मी अजून बोलतच होतो. ॲव्हरेजचीच गोष्ट तिला सांगत होतो.

"आबा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

मोजा कातडीला चिकटला होता. घोट्याच्या खाली, पायाच्या आतल्या बाजूला, तळव्यापर्यंत कातडी पांढरी आणि काळी झालेली. मधोमध मांस दिसत होतं. पेडल खाली गेल्यावर टेकायला जागा उरली नाही म्हणून पाय आत सरकला होता आणि सायलेन्सरच्या नळीवर विसावला होता. नळीवरची जाळी गंजून कधीच पडली होती. घाटभर, आणि त्या दिवशी सकाळीही, तो पाय तिथं भाजत होता.

दादा वाकून बघत होता. दुसऱ्या कोणाच्या पायाकडे बघावं तसा. "हे कवा झालं?" त्यानं मलाच विचारलं.

"दुखत नाही?" प्राची रडायला लागली होती.

"नाही ना बेटा. कवाचंच नाही दुखत."

निजामाबाद

दवाखान्यात डॉक्टरांनी टाचणी घेतली. पावलाला टोचली, घोट्याला, पिंढरीला. दादा डोळे मिटून बसला होता आणि दर वेळी 'नाही' म्हणत होता. गुडघ्याच्या थोडं खाली पहिल्यांदा 'हो' म्हणाला. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? तो म्हणाला, दोन वर्षं. म्हणजे ॲव्हरेज उतरायला लागलं तेव्हापासून.

"मले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. ओरडलोच.

"सांगतो तं गाडी बंद केली असती तुमी लोकायनं," दादा म्हणाला. "पोराले समजलं असतं तं हैदराबादले नेलं असतं. या साली नऊ पोरी आहेत रे. मार्चपर्यंत चालवू म्हणलं." मग म्हणाला, "तुले बोलावलं होतं ना मी."

आधी दोन बोटं गेली. मग अर्धं पाऊल. तेराव्या दिवशी घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. भेटायला येणाऱ्याला दादा सांगायचा, साखरेच्या आजारानं गेला. माझं नाव त्यात त्यानं एकदाही येऊ दिलं नाही. वहिनींना मी खरं सांगितलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "तुमाले काय माहीत भाऊजी." तेच मला ऐकवत नव्हतं. माहीत व्हायला हवं होतं. तीन चपला हरवल्या होत्या, सुतळी बांधलेली होती, रबराचा वास आला होता. डेपोत एवढ्या खुणांवर मी कोणत्याही ड्रायव्हरला घरी पाठवलं असतं. मी सगळं पाहिलं आणि हसलो, कारण मला बरोबर ठरायचं होतं.

परत इच्चोडा

गाडी बासरलाच होती. ती बेल्याला पोचवायला महिन्यानं मी एकटा निघालो. घाटात थांबलो नाही. इच्चोड्याला मात्र ख्वाजाभाईच्या दुकानासमोर गाडी आपोआप हळू झाली. मी उतरायच्या आधी तो पाना घेऊन आला आणि खाली बसून पेडल वर घ्यायला लागला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"मैंच ऊपर बिठाया था," तो खाली बघतच म्हणाला. "दो साल पहले. सार बोले, ख्वाजा, पाँव को मालूम नहीं पड़ता, पेडल ऊपर ले, ब्रेक टाइट कर, पाँव उसीच पे रखूँगा. पेट्रोल जाने दे. किसी को बोलना नक्को बोले."

"उस दिन क्यों नहीं बोले मुझे?"

आता त्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं होतं. "आप सगे भाई हैं साब. आप बोले नीचे लो, सार बोले कर दे. मैं समझा, भाई को तो मालूमच होंगा. मालूम था ना आपकू?"

नाही म्हणायला हवं होतं. ते खरं होतं, आणि माहीत असून सख्ख्या भावानं असं कसं केलं हे त्याचं कोडं तरी सुटलं असतं. पण दोन वर्षं दर रविवारी फोन करणाऱ्या सख्ख्या भावाला माहीत नव्हतं आणि इच्चोड्याच्या मेकॅनिकला माहीत होतं, हे त्या माणसासमोर कबूल करायची मला लाज वाटली.

"हौ," मी म्हणालो, "मालूम था." आणि गाडीला किक मारली.